पोट न फाडता पोटातली गाठ
(ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते)



आमच्या खात्याचा लेख म्हटला की बेणे, खत, पाणी, नाहीतर हुमणी, अशी आपली समजूत असते आणि ती खरीच आहे. या अंकात विषय थोडा निराळा घेतला आहे. पण त्याची सुरुवात उसाच्या फडातच झाली.

ज्येष्ठ महिन्यात खोडव्यातील काणीची पाहणी चालू होती. एका गटात आमचे एक जुने सभासद, वय साठीच्या आसपास, सारे गाव त्यांना आबा म्हणते, बांधावर उभे राहून गड्यांकडून काणीचे पट्टे काढून घेत होते. पट्टा फुटायच्या आत त्यावर पिशवी चढवायची, मग कापायचा, मागाहून सारे बेट मुळासकट खणून जाळायचे, असे अगदी शिस्तीत काम चालले होते. आम्ही सहज विचारले, "आबा, तीन-चार महिने दिसला नाहीत. तब्येत बरी ना?" तर आबा हसून म्हणाले, "साहेब, माझ्याबी पोटात काणी निघाली हुती. मुंबैला जाऊन काढून आलो. आन् पोट फाडलं न्हाई. ह्ये बगा." असे म्हणून त्यांनी भर बांधावर सदरा वर केला. पोटावर टाक्याची एकही खूण नव्हती.

खरे सांगायचे तर आमचा विश्वास बसला नाही. कॅन्सरची गाठ आणि ती पोट न कापता निघाली, म्हणजे कोणीतरी आबांना फसवले असणार, असेच मनात आले. पण घरी गेल्यावर त्यांनी कागदांची फाईलच समोर ठेवली. ती वाचली, तालुक्याच्या दोन डॉक्टरांना विचारले, मिळेल ते वाचून काढले, आणि आबांचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. आम्ही काही डॉक्टर नव्हे. शेतकीची पदविका घेतलेला माणूस. तेव्हा जे समजले ते शेतकऱ्याच्या भाषेत मांडतो.

लिहिण्याला आणखी एक कारण आहे. आमच्याच खात्यात एक सहकारी होता. गळीत हंगामात रात्रीची जागरणे, वेळी-अवेळी चहा, दाढेत तंबाखू, जेवणाचा पत्ता नाही. छातीत जळजळ, करपट ढेकरा हे त्याचे रोजचेच. आमच्या झोळीत पित्ताच्या गोळ्यांचे पाकीट कायम असे. तो हात पुढे करी, आम्ही गोळी देत असू. असे दोन-तीन हंगाम गेले. पुढे अर्ध्या भाकरीतच पोट भरल्यासारखे वाटू लागले, पँट ढिली झाली, तेव्हा कुठे त्याच्या जठराची दुर्बिणीतून तपासणी झाली. गाठ जठराची भिंत ओलांडून यकृतापर्यंत गेली होती. पुढच्या मोळीच्या कार्यक्रमाला तो नव्हता. आधी तपासणी केली असती तर काय दिसले असते, हे आता कोणीच सांगू शकत नाही. पण गोळ्या आम्ही दिल्या होत्या.

आता आबांकडे वळू. त्यांनाही अशीच जळजळ होती आणि तेही गोळ्यांवरच दिवस काढीत होते. त्यांचा भाचा तालुक्याला औषधाचे दुकान चालवतो. एके दिवशी त्याने वही उघडून मामांपुढे धरली. "मामा, सहा महिन्यांत किती पाकिटं नेलीत ती बघा. आता आधी कॅमेरा, मग गोळी." आबा चिडले, दुसऱ्या दुकानात जातो म्हणाले. पण भाच्याने चांगला डॉक्टर गाठून तारीखच घेतली होती. आमच्या मते या साऱ्या हकिगतीत मोठे काम कोणी केले असेल तर त्या भाच्याने.

यातली गंमत अशी की, आबांची जळजळ त्या गाठीमुळे नव्हतीच. ती साध्या पित्ताची होती. गाठ आपली गुपचूप एका बाजूला बसलेली, सव्वा सेंटिमीटरची, शेंगदाण्याच्या दाण्याएवढी. एवढी लहान गाठ दुखत नाही, खुपत नाही, भूक मारीत नाही. दुखायला लागते तोवर बहुधा मोठी झालेली असते. शिवाय आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी वरवर बरे वाटते आणि आतले दुखणे झाकले जाते. आमच्या सहकाऱ्याचे बहुधा असेच झाले असावे.

या तपासणीला खेड्यात 'कॅमेरा टाकणे' म्हणतात. लोक त्याला फार भितात. करंगळीएवढ्या जाडीची, साधारण मीटरभर लांबीची वाकणारी नळी तोंडावाटे जठरात सोडतात. आधी सहा-आठ तास उपाशी राहायचे. घशात बधिरतेचे औषध मारतात, लागल्यास गुंगीची सुई देतात. ओकारी आल्यासारखे होते, पाच-दहा मिनिटांत काम संपते. पडद्यावर आतले अस्तर लख्ख दिसते, आणि शंका आली तर त्याच नळीतून चिमटा घालून तांदळाच्या कणीएवढा तुकडा तपासायला घेतात. त्यात वेदना होत नाही.

गाठ म्हटली की ती कॅन्सरचीच, असेही नाही. पुष्कळांच्या जठरात लहान मांसल कोंब असतात. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी, काही नुसते पाहत राहण्याजोगे, तर काही पुढे बिघडण्याचा संभव असल्याने काढून टाकलेले बरे. कोणता कोंब कसला हे तुकडा तपासल्यावरच कळते. आबांच्या कागदावर मात्र कॅन्सर हा शब्द आला.

तो शब्द गावात पसरला आणि घरी बैठक बसली. जाणत्यांचे म्हणणे एकच: कॅन्सरला सुई-सुरी लागली की तो भडकतो, तेव्हा हात लावू नये, झाडपाला करावा. ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. तिचे मूळ बहुधा असे, की आपली माणसे रोग शेवटच्या टप्प्यात गेल्यावर शस्त्रक्रियेला जातात, मग महिन्या-दोन महिन्यांत दगावतात आणि दोष सुरीला लागतो. तुकडा घेतल्याने जठराचा कॅन्सर भडकत नाही. उलट तुकड्याशिवाय उपचार ठरतच नाही. आबांचे तीन आठवडे या बैठकांत गेले. सुदैवाने गाठ तेवढी थांबली.

आता गाठ काढतात कशी? जठराची भिंत थरांची असते. सर्वांत आत मऊ अस्तर, त्याखाली सैलसर जोडथर, त्याखाली स्नायूंचा जाड थर आणि बाहेरून पातळ पडदा. जठराचा कॅन्सर उगवतो तो आतल्या अस्तरात, आणि मग खाली खाली शिरत जातो. जोवर तो अस्तरातच आहे, तोवर खालचा स्नायूचा थर कोरा असतो. म्हणजे नुसते अस्तर सोलून काढता आले तर पुरे, सबंध जठर कापायची जरूर काय? विचार सोपा आहे, पण हे अस्तर काही मिलिमीटरचेच, आणि खाली जरा जास्त खोल गेले तर जठराला भोक.

यावर काढलेली युक्ती आमच्या घरातल्या मंडळींना सांगितली, तर त्या म्हणाल्या, "ही तर भाकरी." तव्यावर भाकरी टम्म फुगली की वरचा पापुद्रा खालच्या पदरापासून सुटतो, अगदी तेच. प्रथम गाठीवर निळसर रंग फवारतात. म्हणजे तिची हद्द स्पष्ट दिसते. मग हद्दीच्या थोडे बाहेर, चांगल्या अस्तरावर, विजेच्या टोकाने ठिपक्या-ठिपक्यांचे रिंगण आखतात, आपण मोजणीच्या खुणा रोवतो तसे. त्यानंतर बारीक सुईने जोडथरात द्रव टोचतात. अस्तर गाठीसकट फुगून वर येते आणि स्नायूचा थर खाली राहतो. गाठ खोल गेली असेल तर ती नीट उचलली जात नाही, हा डॉक्टरांना एक इशाराच असतो. मग ठिपक्यांच्या बाहेरून गोल चीर घेऊन, विजेच्या नाजूक सुरीने जोडथर थोडा थोडा कापत सारा पापुद्रा एका तुकड्यात सोडवून घेतात. वाटेत रक्तवाहिनी आली तर तिथल्या तिथे शेकून बंद करतात. आबांच्या वेळी या कामाला दोन तास लागले. ते भूल दिल्यामुळे झोपेत होते.

एका तुकड्यात, यावर डॉक्टर फार जोर देतात. काढलेला पापुद्रा पाटीवर टाचण्यांनी ताणून बसवतात, औषधात ठेवतात आणि साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या पट्ट्या करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. चारी कडा कोऱ्या आहेत का, गाठ किती खोल होती, रक्तवाहिनीत शिरली होती का, हे सारे त्यावर ठरते. तुकडे-तुकडे करून काढले तर कड कोणती आणि मध्य कोणता हेच कळेना. आबांना याचे मुळीच नवल वाटले नाही. "साहेब, पट्टा अर्धा तुटला तर भुकटी रानभर. पिशवीत सगळा आला पायजे, तुमीच तर शिकवलं." उपमा आबांची आहे आणि ती इथवरच न्यावी. काणी एका बेटावरून दुसऱ्यावर जाते, कॅन्सर एका माणसाचा दुसऱ्याला लागत नाही. आबांच्या ताटात जेवायला कोणी भिऊ नये.

हे तंत्र वाढले ते जपानात, आणि त्याला कारण आहे. जठराच्या कॅन्सरने जपानी माणसांचे जितके बळी घेतले तितके अनेक दशके दुसऱ्या कोणत्याच कॅन्सरने घेतले नाहीत. त्यामुळे तो लवकर कसा सापडेल, याच्या मागे तो देश हात धुऊन लागला. १९५० साली टोकियोचे डॉक्टर उजी आणि ऑलिंपस कंपनीचे सुगिउरा व फुकामी या अभियंत्यांनी गिळता येण्याजोगा कॅमेरा तयार केला. नळीच्या टोकाला चिमुकला कॅमेरा, बारीक फिल्म आणि दिवा. डॉक्टरला आतले काही दिसत नसे. खोलीत अंधार करायचा, पोटाच्या कातड्यातून दिव्याचा जो उजेड दिसेल त्यावरून अंदाज बांधायचा आणि फोटो घ्यायचा. फिल्म धुतल्यावर काय ते कळणार.

पुढची पायरी काचेच्या तंतूंची, आणि तिथे आपल्या माणसाचा हात लागला आहे. पंजाबात मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी लंडनला शिकत असताना त्यांनी प्राध्यापक हॉपकिन्स यांच्याबरोबर काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडीतून चित्र वाकवून नेता येते, हे १९५४ साली दाखवले. १९५७ मध्ये अमेरिकेत डॉक्टर हर्शोविट्झ यांनी अशा तंतूंची जठराची दुर्बीण बनवली आणि ती आधी स्वतःच्याच घशात उतरवली. आता डोळ्याने थेट दिसू लागले. १९६२ साली जपानी डॉक्टरांनी 'लवकरचा कॅन्सर' म्हणजे नेमका कोणता याची व्याख्या ठरवली: अस्तर आणि जोडथर यांच्या पलीकडे न गेलेला. अशा अवस्थेत सापडलेले शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण तेथे पाच वर्षांनंतरही हयात असतात.

आधी गाठी काढीत त्या तारेच्या फासाने. पाणी टोचून फुगवटा आणायचा, फासात धरायचा आणि विजेने कापायचा. १९८० च्या दशकात ही पद्धत तेथे रुळली. अडचण एवढीच, की फासात मावेल तेवढेच निघे. दोन सेंटिमीटरच्या पुढे गेले की तुकडे पडत आणि राहिलेल्या कडेतून गाठ पुन्हा उगवे. यावर टोकियोच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्रात १९९० च्या दशकात एक सुरी निघाली. तिच्या टोकाला चिनी मातीचा बारीक मणी बसवलेला, त्यामुळे टोक स्नायूत घुसत नाही आणि कापते ती फक्त बाजूची धार. कोयत्याच्या टोकाला बोंड बसवावे तसा प्रकार. या सुरीने आणि तिच्यामागून आलेल्या सुऱ्यांनी मोठे पापुद्रेही अखंड निघू लागले. २००६ साली जपानच्या सरकारी विमा योजनेने जठराच्या गाठीसाठी ही पद्धत मान्य केली.

पण सबंध जठर न काढता भागेल, याला पुरावा काय? आम्हाला सगळ्यांत पटला तो भाग हा. लवकरच्या कॅन्सरसाठी पूर्वी ज्यांचे पोट उघडून जठर आणि भोवतालच्या लसिकाग्रंथी काढल्या होत्या, अशा ५,२६५ रुग्णांचे कागद जपानी डॉक्टरांनी तपासले आणि २००० साली निष्कर्ष छापले. ज्यांची गाठ अस्तरापुरतीच, तीन सेंटिमीटरच्या आतली आणि पेशी अजून मूळ पेशींसारख्या दिसणाऱ्या, असे १,२३० निघाले. त्यांच्यातल्या एकाच्याही ग्रंथीत कॅन्सर पोचलेला नव्हता. एवढ्या बेटांची पाहणी करून एकही रोगट कोंब सापडला नाही, तर आम्हीदेखील सबंध प्लॉट मोडा म्हणून सांगणार नाही.

मात्र याचा अर्थ कोणतीही गाठ अशी निघते असा नाही. खोल गेलेली, पेशी फार बिघडलेली, रक्तवाहिनीत किंवा ग्रंथीत शिरलेली असेल तर पोट उघडावेच लागते, सोबत औषधेही लागतात. कधी कधी पापुद्रा काढल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली कळते की गाठ अंदाजापेक्षा खोल होती, मग शस्त्रक्रिया करावी लागते. धोकेही आहेत. शंभरात पाचच्या आसपास लोकांना मागाहून रक्तस्राव होतो. त्याहून कमी लोकांत जठराला भोक पडते, ते बहुधा आतूनच चिमट्यासारख्या क्लिपांनी शिवता येते. म्हणून हे काम सवयीच्या हातांचे. तालुक्याला ते होत नाही. मुंबई, हैदराबादसारख्या शहरांतील निवडक रुग्णालयांत होते. खर्चाला कोणती योजना लागू पडते ते दाखल होण्यापूर्वीच तेथील आरोग्यमित्राला विचारून घ्यावे. आबांनी ते मागाहून विचारले आणि धावपळ झाली.

आबा चार दिवसांत घरी आले. आधी नुसते पाणी, मग पेज, मग मऊ भात. जठरात राहिलेली जखम साधारण दोन महिन्यांत भरते, तोवर आम्ल कमी करणारी गोळी घ्यायची. आता ती डॉक्टरांच्या चिठ्ठीने, भाच्याच्याच दुकानातून. तंबाखूची डबी सुनेच्या ताब्यात गेली आहे. यावर आबांची तक्रार आहे, ती आम्ही नोंदवून घेतली.

एक गोष्ट मात्र आबांना पटायला वेळ लागला. गाठ गेली, पण जमीन तीच आहे. ज्या अस्तरात एक गाठ उगवली त्यात दुसरी उगवू शकते. जठर काढून टाकले असते तर हा प्रश्न बराचसा मिटला असता. जठर राखले म्हणून राखणही आली. दरवर्षी कॅमेरा, खोडव्याची पाहणी चुकवत नाही तसा. शिवाय जठरात राहणारा एक जंतू आहे, हेलिकोबॅक्टर. ऑस्ट्रेलियाच्या वॉरन आणि मार्शल या डॉक्टरांनी १९८२ साली तो हुडकला, पुढे २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. बहुतेक वेळा तो लहानपणीच घरातल्या घरात लागतो आणि जठराच्या बहुतेक कॅन्सरच्या मुळाशी असतो. अशी गाठ काढलेल्या ५४४ जपानी रुग्णांवर प्रयोग झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जंतूचे औषध दिले, निम्म्यांना नाही. तीन वर्षांत औषध घेतलेल्यांत ९ जणांना नवी गाठ झाली, न घेतलेल्यांत २४ जणांना. आबांनाही जंतू निघाला, चौदा दिवस गोळ्या झाल्या.

आपल्याकडे हा जंतू पुष्कळांच्या पोटात असतो, तरी जपानच्या मानाने जठराचा कॅन्सर कमी आहे. मिझोरममध्ये मात्र तो बराच आढळतो. म्हणून सरसकट सर्वांनी कॅमेरा टाकावा असे कोणी म्हणत नाही, जपानात पन्नाशीनंतर दोन वर्षांनी तो टाकतात ती गोष्ट वेगळी. पण पन्नाशीनंतर नव्याने पोटाची तक्रार सुरू झाली, वजन उतरले, गिळताना अडकू लागले, थोडक्यात पोट भरू लागले, वरचेवर उलटी होऊ लागली, रक्त कमी निघाले, शौच डांबरासारखे काळे झाले, किंवा आई-बाप-भावंडांत कोणाला हा रोग झालेला असेल, तर गोळ्यांचे पाकीट बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, तेव्हा तेवढ्यावरून घाबरू नये; डॉक्टरांना मात्र सांगावे.

आमच्या झोळीत आता पाकीट नसते. मागणारे अजून हात पुढे करतात.

परवा गट कार्यालयात आबा आले होते. त्यांच्या वर्षाच्या तपासणीची तारीख नेमकी हंगामात, त्यांच्या तोडीच्या सुमारास येते आहे. तोड चार-आठ दिवस मागे घेता येईल का, असे विचारीत होते. नोंदीच्या क्रमाने तोड येणार, त्यात आम्हाला हात घालता येत नाही, हे त्यांना सांगावे लागले. आबांनी टोपी सारखी केली. "असू दे साहेब. टोळीला पोरगा भाकरी-चटणी देईल. वजनकाट्यावरबी तोच उभा ऱ्हाईल. मी मुंबैला जातो."